बोनस स्पर्धांच्या फीमध्ये घालू का?

प्रश्न: मी पूर्णवेळ नोकरी करते. घरात कमावणारी मी एकटीच. गृहकर्जाचा हप्ता चालू आहे आणि अडीअडचणीसाठी दोन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला आहे. रात्री जागून दोन पटकथा पूर्ण केल्या आहेत. यंदा दीड महिन्याच्या पगाराइतका बोनस मिळाला. त्यातून दोन्ही पटकथा चौदा आंतरराष्ट्रीय स्पर्धांना पाठवाव्यात आणि त्यातल्या आठ प्रवेशिकांसोबत लेखी अभिप्रायही विकत घ्यावा, असं मनात आहे. मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत नाव आलं तर नोकरी सोडायचाही विचार आहे. हे योग्य ठरेल का?

उत्तर: नोकरी सांभाळून दोन पटकथा शेवटच्या पानापर्यंत नेल्यात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. लिहिण्यासाठी पैसे जरूर खर्च करा. फक्त ते कशावर करायचे, याबाबत माझं मत वेगळं आहे.

तुमचा खर्च मी पगाराच्या दिवसांत मांडून पाहिला, कारण तुम्हाला पैशांइतकीच वेळेचीही चणचण आहे. महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर बोनस म्हणजे ३३ दिवसांचा पगार. तुम्ही कळवलेल्या आकड्यांवरून एका प्रवेशिकेला सरासरी पाऊण दिवसाचा पगार जातो. अशा २८ प्रवेशिकांचे झाले २१ दिवस. अभिप्राय प्रत्येकी दीड दिवसाचा, म्हणजे आठांचे १२ दिवस. बोनस संपला. आता हाच हिशेब उलट्या बाजूने बघा. एवढ्याच पैशांत तुम्हाला ३३ दिवस बिनपगारी रजा घेऊन लिहीत बसता येईल आणि कर्जाचा हप्ताही चुकणार नाही.

स्पर्धा किती कठीण असते ते निकोल फेलोशिपवरून कळेल. ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीची नवोदित पटकथालेखकांसाठीची ही स्पर्धा. विजेत्यांना फेलोशिप, म्हणजे वर्षभर लिहिण्यासाठी पैसे मिळतात. २०१३ ते २०१५ या काळात तिथे दरवर्षी सात हजारांहून जास्त पटकथा येत होत्या आणि फेलोशिप होत्या जास्तीत जास्त पाच. चौदाशेत एक, तेही फार तर. चौदा ठिकाणी पाठवलं की संधी चौदा पट होते, असं वाटणं साहजिक आहे. पण पटकथा तीच असते. दुसऱ्या अंकातली जी ढिलाई एका परीक्षकाला खटकते, ती इतरांनाही खटकण्याचीच शक्यता जास्त. एकाच कंपनीचे शेअर चौदा दलालांकडून घेतले तर जोखीम विभागली जात नाही, तसंच हे.

नोकरदाराचा नंबर लागतच नाही, असं मात्र समजू नका. पटकथालेखक माइक रिच अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये रेडिओवर बातम्या देत होते, आणि नोकरी चालू असतानाच १९९८ मध्ये त्यांना निकोल फेलोशिप मिळाली.

तर माझी वाटणी अशी. यंदा एकच पटकथा निवडा, जी तुम्हाला स्वतःला जास्त पक्की वाटते ती. आधी दोन सविस्तर अभिप्राय घ्या, तीन दिवसांचा पगार. हे स्पर्धेबाहेरच्या, पटकथा वाचणं हाच व्यवसाय असलेल्या वाचकांकडून घ्या. स्पर्धेसोबत घेतलेला अभिप्राय बहुतेक वेळा पटकथा पाठवून झाल्यावर हाती पडतो, तेव्हा त्या वर्षीच्या प्रवेशिकेत काही बदलता येत नाही. मग सलग दहा दिवस बिनपगारी रजा घ्या. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, तेव्हा शंभर मिनिटांच्या चित्रपटाची शंभर पानांची पटकथा रोज दहा पानं या वेगाने त्या रजेत एकदा पूर्ण नव्याने लिहून होते. रोज रात्री दमल्या डोळ्यांनी तासभर बसून हे जमत नाही, कारण आधल्या रात्री कुठे होतो हे आठवण्यातच निम्मा वेळ जातो. एवढं झाल्यावर चार स्पर्धा, पुन्हा तीन दिवसांचा पगार. उरलेला १७ दिवसांचा पगार अडीअडचणीच्या रकमेत टाका. एकटीच्या पगारावर घर चालतं तिथे दोन महिन्यांची तरतूद मला फार तोकडी वाटते, ती सहा महिन्यांपर्यंत न्यायची आहे.

लवकर पाठवणाऱ्यांना फी कमी असते, शेवटच्या आठवड्यात ती वाढते. ही सवलत चांगली, पण तिच्यासाठी कच्चा मसुदा पाठवू नका. त्यापेक्षा वर्षभर थांबा. नियमही दरवर्षी नव्याने वाचा. निकोलने २०२५ पासून लेखकांकडून थेट प्रवेशिका घेणं थांबवलं. विद्यापीठांसारख्या निकोलच्या भागीदार संस्थांशी न जोडलेल्या लेखकांसाठी आता ब्लॅक लिस्ट या संकेतस्थळाची वाट आहे. त्याच वर्षी कव्हरफ्लाय हे संकेतस्थळ बंद झालं, ज्यावर अनेक लेखक आपल्या निकालांची नोंद ठेवत असत. तेव्हा प्रत्येक पावती, निकाल आणि अभिप्राय स्वतःकडे उतरवून ठेवा.

आता नोकरीबद्दल. उपांत्य फेरीत नाव आलं म्हणून राजीनामा देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या फेरीमुळे एखादा निर्माता तुमची पटकथा वाचायला तयार होईल, आणि ते मोलाचं आहे, पण त्यातून हप्ता भरला जात नाही. निकोलची रक्कमसुद्धा ३५,००० डॉलर राहिली आहे, तीही हप्त्यांनी आणि वर्षभरात नवी पटकथा लिहिण्याच्या अपेक्षेसह. कुणी पटकथेचे हक्क राखून ठेवण्याचा करार केला, तरी सुरुवातीला सहसा छोटीच रक्कम मिळते. मोठा भाग चित्रीकरण सुरू होईल तेव्हा, आणि पुष्कळ पटकथांच्या बाबतीत ती वेळ येतच नाही. बारा महिन्यांचा खर्च, हप्त्यासकट, बाजूला असेल आणि सही झालेल्या कराराचा पहिला पैसा खात्यात जमा झाला असेल, तेव्हा मला पुन्हा लिहा. नोकरी सोडण्याचा हिशेब आपण मिळून मांडू. बक्षिसावर कर लागतो, तेव्हा मिळालंच तर पूर्ण रक्कम आपली धरू नका.

आणि एक काम आजच करा. तुमचं नेमणूकपत्र काढा. नोकरीबाहेर मानधनाचं काम करायला परवानगी लागते का, आणि तुम्ही निर्माण केलेल्या गोष्टींवर कंपनी हक्क सांगते का, ही दोन कलमं शोधा. काही नेमणूकपत्रांत हे हक्काचं कलम इतकं सैल लिहिलेलं असतं की कामाशी संबंध नसलेलं लेखनही त्यात ओढता येईल. तसं दिसलं तर मनुष्यबळ विभागाकडून लेखी खुलासा मागा. ऑफिसच्या लॅपटॉपवर पटकथेची फाइल असेल तर ती स्वतःच्या संगणकावर आणा आणि यापुढे तिथेच लिहा. पहिली फी त्यानंतर भरा.