मुलांसोबत पहिल्याच छोट्या क्रूझसाठी बाल्कनीची केबिन घ्यावी का?

तीन-चार रात्रींसाठी बाल्कनीवर जादा पैसे घालू नका, केबिन जहाजात कुठे आहे ते बघा. जहाजाच्या मधोमध, खालच्या डेकवर हलणं सगळ्यात कमी जाणवतं. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर मळमळ लवकर सुरू होते. मुलं तशीही केबिनमध्ये झोपण्यापुरतीच टेकतात!

मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला संध्याकाळही होऊ शकते, म्हणून पोहण्याचे कपडे, औषधं, पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा. सुरक्षा कवायत सगळ्यांना सक्तीची असते, तेव्हाच मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट मागून घ्या.

धाकटं डायपरमध्ये असेल तर बुकिंगआधी विचारा: बऱ्याच जहाजांवर डायपर घातलेल्या बाळांना मोठ्या पूलमध्ये सोडत नाहीत, आणि किड्स क्लबही बहुधा तीन वर्षांपासून पुढेच.