नॅस घेताय? आधी बॅकअपची डिस्क बाजूला काढा

प्रश्न : ताई, नमस्कार. घरी चौघांचे फोन सारखे 'स्टोरेज फुल' दाखवतायत. दोन लॅपटॉप आहेत आणि तीन एक्सटर्नल हार्ड डिस्क, त्यात काय कुठे आहे ते कुणालाच धड माहीत नाही. त्यातली एक हल्ली लावली की कट-कट आवाज करते. मुलांच्या जन्मापासूनचे फोटो, व्हिडिओ यातच आहेत, सगळं मिळून दीड टीबी असेल. नॅस घ्यायचा विचार चाललाय पण बजेट बेताचं आहे. एका डिस्कचा घ्यावा की दोन डिस्कचा? जुना डेस्कटॉप पडून आहे, त्याचाच नॅस केला तर? आणि पिक्चर टीव्हीवर दिसतील ना?

उत्तर : नॅसचं नंतर बघू, आधी ती कट-कट करणारी डिस्क. ती सारखी लावून बघू नका, दर वेळी चालू करताना ती आणखी बिघडू शकते. अजून दिसत असेल तर एकदाच लावा आणि ज्याची दुसरी कॉपी कुठेच नाही तेवढं आधी लॅपटॉपवर घ्या, म्हणजे मुलांचे लहानपणीचे व्हिडिओ वगैरे, पिक्चर-गाणी राहू द्यात. दिसतच नसेल तर बंद करून ठेवा आणि डेटा रिकव्हरीवाल्याला दाखवा, घरी सॉफ्टवेअर चालवत बसू नका.

आता नॅस. नॅस म्हणजे राऊटरला लॅन केबलने जोडलेला छोटा कंप्युटर, त्यात हार्ड डिस्क बसवायच्या आणि घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपनी त्यावर फाइली ठेवायच्या. बहुतेक डबे रिकामे मिळतात, डिस्क वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि लोक सगळे पैसे भारी डब्यात घालतात आणि मग डिस्कच्या वेळी हात आखडतो. माझं म्हणणं उलटं आहे, डबा साधा घ्या आणि बॅकअपच्या डिस्कचे पैसे पहिल्यांदा बाजूला काढा.

कारण दोन डिस्क म्हणजे बॅकअप असं सगळ्यांना वाटतं आणि तसं नाहीये. दोन डिस्कच्या डब्यात घरी साधारण रेड १ (RAID 1) लावतात, म्हणजे एका डिस्कवर जे लिहिलं ते त्याच क्षणी दुसरीवर, त्यामुळे ४ टीबीच्या दोन घातल्या तरी जागा ४ टीबीच मिळते (आणि कंप्युटर ती ३.६ च्या आसपास दाखवतो, मोजायची पद्धत वेगळी आहे, फसवणूक नाही). एक डिस्क गेली तर दुसरीवर काम चालू राहतं, बस एवढाच त्याचा उपयोग. चुकून फोल्डर डिलीट झालं तर ते दोन्हीकडून जातं, व्हायरसने फाइली लॉक केल्या तर दोन्हीकडच्या होतात, आणि डबाच चोरीला गेला तर विषयच संपला. माझ्याकडे डिलीटचं हे झालंय. एका रात्री डुप्लिकेट फाइली काढत होते आणि बाबांच्या आवाजातल्या रेकॉर्डिंगचं फोल्डर त्यात गेलं, दोन आठवड्यांनी लक्षात आलं तोपर्यंत रिसायकल बिनपण रिकामं झालेलं. कपाटात एक यूएसबी डिस्क होती, तिच्यावर ते सापडलं. तेव्हापासून मी कुणालाही नॅस सांगताना आधी हेच सांगते.

म्हणून बजेटमध्ये दोनच डिस्क बसत असतील तर दोन्ही डब्यात घालू नका, एक डब्यात आणि एक बाहेर यूएसबीवर, आठवड्यातून एकदा लावायची, बॅकअप झाला की काढून ठेवायची. तुमच्यासाठी मी तर म्हणेन डबा दोन खणांचाच घ्या पण सुरुवातीला एकच ४ टीबीची डिस्क बसवा, दुसरी पुढच्या वर्षी घाला, सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या नॅस बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या डब्यांत असं नंतर वाढवता येतं, डेटा न उडवता. आणि तुमच्या त्या दोन चांगल्या एक्सटर्नल डिस्क आहेत ना, त्यांच्यातलं सगळं नॅसवर आलं, नीट उघडतंय हे बघितलं, की त्याच बॅकअपला वापरा, नवीन काही घ्यायला नको. एक घरात आणि एक नातेवाइकांकडे ठेवली तर फारच उत्तम. तीन कॉपी, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, असा ३-२-१ चा नियम फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी लोकांपर्यंत नेला, आणि फोटो जपायला याहून सोपी पद्धत मला तरी माहीत नाही.

डबा कुठला? फोटो, कागदपत्रं, फोनचा ऑटो बॅकअप एवढंच काम असेल तर सिनॉलॉजीचा डीएस२२३जे किंवा क्यूनॅपचा टीएस-२३३ पुरतो. पहिल्यात १ जीबी रॅम आहे, दुसऱ्यात २ जीबी, आणि डीएस२२३जेची रॅम नंतर वाढवता येत नाही हे ध्यानात ठेवा. पिक्चर टीव्हीवर दिसतील, फक्त टीव्हीला तो फॉरमॅट चालला पाहिजे. नाही चालला तर नॅसला व्हिडिओ चालू असतानाच बदलून पाठवावा लागतो आणि तिथे हे छोटे प्रोसेसर दमतात, त्यासाठी इंटेलवाला डबा लागतो आणि बजेट वाढतं. आधी एक पिक्चर पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावून बघा, चालला तर बहुतेक नॅसवरूनही चालेल.

डिस्क घेताना सीएमआर आहे ना विचारा, म्हणजे जिच्यात डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी असतात. एसएमआर डिस्कवर डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे पुन्हा लिहिताना ती रखडते आणि रेड दुरुस्त करताना तर फारच. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' (Red) नावाच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं बाहेर आलं, आणि त्यानंतर त्यांनी सीएमआरवाल्यांना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. सीगेटची आयर्नवुल्फ सीएमआरच असते.

जुना डेस्कटॉप चालतो, त्याचा नॅस करणारं ओपनमीडियाव्हॉल्ट हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पण वीज बघा, ५० वॅट खाणारा डेस्कटॉप दिवसरात्र चालवला तर महिन्याला ३६ युनिट, १५ वॅटचा नॅस ११ युनिटच्या आत. शिवाय बिघडला की दुरुस्त तुम्हीच करायचा. मला तो आठवड्यातून एकदा चालू करून बॅकअप घ्यायला जास्त आवडेल.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते, बाहेरून फोटो दिसावेत म्हणून राऊटरवर पोर्ट उघडून नॅस थेट इंटरनेटवर ठेवू नका. २०२१ मध्ये एप्रिलात क्यूलॉकर नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने क्यूनॅपवरच्या फाइली पासवर्ड लावून कोंडल्या, आणि जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या, अपडेट बंद झालेल्या जुन्या माय बुक लाइव्ह डबेवाल्यांना सकाळी उठून सगळं पुसलेलं दिसलं. बाहेरून हवंच असेल तर टेलस्केलसारखा व्हीपीएन (फक्त तुमच्याच उपकरणांना आत येऊ देणारा खाजगी रस्ता) वापरा, आणि अजून अपडेट येत असलेलंच मॉडेल घ्या. सेकंडहँड स्वस्तात मिळतंय म्हणून फार जुना डबा उचलू नका.

प्रश्न : नॅस घेऊन आठवडा झाला पण केबल लावूनही फाइल कॉपी करताना स्पीड ११ एमबीच्या वर जात नाही. भारी मॉडेल घ्यायला हवं होतं का?

उत्तर : नाही हो, डबा ठीक आहे. ११ हा आकडाच सांगतो की वाटेत कुठेतरी लिंक १०० मेगाबिटची झालीय (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी). गिगाबिट, म्हणजे १००० मेगाबिट, असेल तर ११० च्या आसपास मिळायला हवं, म्हणजे १ टीबीला २५ तासांऐवजी अडीच तास. नॅसच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आणि लॅपटॉपवर, दोन्हीकडे, १०० दिसतंय की १००० ते बघा. बऱ्याचदा दोष केबलचा असतो, गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात आणि १०० मेगाबिट चारांवर भागवतं, त्यामुळे उरलेल्या चारांतली एखादी तुटली तरी कनेक्शन चालू राहतं आणि कुणाला शंका येत नाही. मी एकदा प्लग उजेडात धरून बघितला तर तपकिरी तार टोकापर्यंत पोचलेलीच नव्हती. केबल बदलूनही १०० च राहिलं तर राऊटरचे पोर्टच १०० चे असतील, मग छोटा गिगाबिट स्विच (जास्तीचे लॅन पोर्ट देणारं यंत्र) घ्या आणि नॅस आणि लॅपटॉप दोन्ही त्यालाच जोडा, राऊटर बदलायची गरज नाही.