मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुझ्याकडे आहे त्याच जुन्या पुस्तकाची प्रत कुणीतरी ऑनलाइन अव्वाच्या सव्वा किमतीला लावली आहे, तर आपणही तेवढीच किंमत लावावी का, असे तू विचारले आहेस. लावू नकोस, हे माझे उत्तर आहे. पण त्यामागचे कारण नीट समजून घे.

२०११ सालच्या एप्रिलमध्ये ॲमेझॉनवर माशीच्या शरीररचनेच्या वाढीविषयीच्या, १९९२ साली निघालेल्या एका शास्त्रीय पुस्तकाची किंमत २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर गेली होती. मायकेल आयझेन या जीवशास्त्रज्ञाने रोजचे आकडे टिपून त्याचा उलगडा केला. नव्या प्रतीचे विक्रेते दोनच होते आणि त्यांच्या किमती संगणकप्रणाली आपोआप ठरवत होती. पहिल्याची किंमत रोज दुसऱ्याच्या ०.९९८३ पट, म्हणजे जेमतेम स्वस्त लागत होती, तर दुसऱ्याची पहिल्याच्या १.२७०५८९ पट, त्यामुळे दर फेरीला किंमत सुमारे २७ टक्क्यांनी चढत गेली आणि तिकडे कुणाचेही लक्ष नव्हते. दुसरा मुद्दाम महाग का राहत असावा? आयझेन यांचा तर्क असा, की त्याच्याजवळ पुस्तकच नसावे. चांगल्या अभिप्रायांच्या जोरावर ऑर्डर आलीच, तर पहिल्याकडून प्रत घेऊन पाठवायची आणि मधला फरक ठेवायचा. हा तर्क मला पटतो, कारण हाती नसलेला माल यादीत लावणारे विक्रेते मी पुष्कळ पाहिले आहेत. पुढे पहिल्याची किंमत १०६.२३ डॉलरवर उतरली.

काही वेळा मात्र किंमत माणूसच जाणूनबुजून चढवतो. माल संपलेला असतो, पण वस्तूचे विक्रीचे पान बंद केले तर शोधातले स्थान जाईल या भीतीने, कुणी घेणारच नाही असा आकडा टाकून ते चालू ठेवले जाते. घरातल्या आजारपणात मीही एकदा एका शब्दकोशाची किंमत दहापट करून ठेवली होती आणि चौथ्या दिवशी त्याची ऑर्डर आली. त्या माणसाला तो खरोखरच हवा होता. माझ्याकडे प्रत नव्हती. पैसे परत करून मी त्याची क्षमा मागितली, पण त्याचे अडलेले काम अडलेलेच राहिले, याची खंत मला आजही आहे. म्हणून तुला आग्रहाने सांगतो, की माल नसेल तेव्हा साठा शून्य दाखव किंवा विक्री काही दिवस थांबवणारी सुट्टीची सोय वापर.

दुर्मीळ वस्तूचे वेगळे आहे. तिला वर्षातून एखादेच गिऱ्हाईक येते, तोवर ती सांभाळावी लागते आणि विक्री झाली की बाजारपेठेचे कमिशनही जाते, तेव्हा तिथे चढी किंमत रास्त असू शकते. तुझे पुस्तक त्यात मोडते का, हे दुसऱ्याने मागितलेल्या किमतीवरून कळणार नाही. ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवणारी चाळणी (फिल्टर) आहे. तिथे मिळालेली किंमत दिसते. आपोआप किंमत बदलणारी प्रणाली वापरणार असशील, तर तिला खालच्या मर्यादेबरोबर वरचीही मर्यादा घाल, कारण वरची घालायला बहुतेक जण विसरतात.

विकल्या गेलेल्या चार-पाच प्रतींच्या किमती, तारखा आणि प्रत्येक प्रतीची अवस्था लिहून मला पाठव, म्हणजे तुझ्या प्रतीची किंमत आपण मिळून ठरवू.