'कन्स्ट्रेंट'साठी निर्बंध, मर्यादा की बंधन?

कॅड (संगणकावर आराखडे काढण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये स्केच काढताना रेषांची व वर्तुळांची जागा, दिशा व आकार पक्के करणाऱ्या ज्या अटी म्हणजे 'कन्स्ट्रेंट' लावतात, त्यांना मराठीत निर्बंध म्हणावे, मर्यादा म्हणावे की बंधन, आणि 'फुल्ली कन्स्ट्रेन्ड' स्केचसाठी कोणता शब्द वापरावा, असा प्रश्न कोल्हापूरच्या एका डिप्लोमा विद्यार्थ्याने विचारला आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत पॅटर्न, फिक्स्चर आणि कास्टिंगची ड्रॉइंगे रोज हाताळली जातात, त्यामुळे हा प्रश्न केवळ कोशापुरता नाही. "सगळी डायमेन्शनं मार, म्हणजे स्केच हलणार नाही," असा सल्ला नवशिक्याला हमखास मिळतो. तो अपुरा आहे, आणि तो का अपुरा आहे हे पाहिले की शब्दाची निवडही सोपी होते.

समजा, १२० बाय ८० मिलिमीटरची एक आयताकृती प्लेट काढायची आहे. चार सुट्या रेषांची मिळून आठ टोके होतात आणि प्रत्येक टोकाचे दोन निर्देशक धरले तर एकूण १६ संख्या मोकळ्या राहतात. चारही कोपऱ्यांत टोके एकमेकांना जोडली की त्यांपैकी आठ उरतात. दोन रेषा आडव्या आणि दोन उभ्या ठरवल्या की चार उरतात. लांबी व रुंदीची मापे दिली की दोन उरतात, आणि या टप्प्यावर सर्व मापे देऊनही माउसने ओढल्यास अख्खी प्लेट पडद्यावर सरकते, कारण ती कोठे आहे हे अजून कोणी सांगितलेलेच नाही. एक कोपरा आरंभबिंदूवर (जेथून निर्देशक मोजतात त्या बिंदूवर) बसवला की काहीच मोकळे राहत नाही. १६ पैकी केवळ दोन गोष्टी मापांनी ठरल्या. बाकीच्या १४ जोडणी, आडवेपणा, उभेपणा आणि स्थान यांनी ठरल्या.

म्हणून माप हा कन्स्ट्रेंटचा एक प्रकार झाला, पर्याय नव्हे. 'मर्यादा' या शब्दातून कमाल-किमान अशा दोन टोकांचा बोध होतो. तो शब्द टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या कमी-जास्त फरकाच्या, चर्चेत शोभेल, येथे नाही. 'निर्बंध' म्हटले की सरकारी आदेशाने घातलेली मनाई आठवते, आणि स्केचमध्ये मनाई नसून रचना असते. 'बंधन' मात्र नेमके बसते. वृत्तबद्ध कवितेत वृत्ताचे बंधन शब्दांना रूप देते, तोच अर्थ येथे अभिप्रेत आहे. शिवाय 'बद्ध' या घटकामुळे पुढचे शब्दही सहज मिळतात: काही मोकळे राहिले असेल तर अल्पबद्ध, सर्व ठरले असेल तर पूर्णबद्ध, आणि गरजेपेक्षा जास्त बंधने असतील तर अतिबद्ध. वरच्या पूर्णबद्ध प्लेटच्या दुसऱ्या उभ्या बाजूलाही ८० चे माप दिले तर ते अनावश्यक ठरते आणि ८१ दिले तर परस्परविरोधी. दोन्ही वेळा स्केच अतिबद्धच, पण पहिल्यात केवळ पुनरुक्ती असते, तर दुसऱ्यात भूमिती अशक्य होते. हा भेद मराठीत लिहिताना अवश्य राखावा.

एकेका बंधनाची नावे नव्याने घडवण्याची गरज नाही. समांतर, लंब, एकरेषीय, स्पर्शिका हे शब्द शालेय भूमितीतून प्रत्येकाच्या ओळखीचे आहेत. 'कोइन्सिडेंट'साठी 'संपाती' शब्द आहे, तरी शिकवताना 'बिंदू जोडणे' म्हटलेले मला अधिक पटते, कारण विद्यार्थी प्रत्यक्षात तेच करत असतो.

ही कल्पना नवी नाही. संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी अमेरिकेतील एमआयटीत १९६३ साली सादर केलेल्या 'स्केचपॅड' या संगणकावर आकृत्या काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये रेषांवर अशी बंधने घालण्याची सोय होती. आज सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये भौमितिक बंधनांना 'रिलेशन' म्हणतात, तर फ्रीकॅडमध्ये 'कन्स्ट्रेंट' हाच शब्द आहे. मराठी टिपणात दोन्ही ठिकाणी 'भौमितिक बंधन' आणि मापांसाठी 'मापबंधन' लिहावे, म्हणजे सॉफ्टवेअर बदलले तरी परिभाषा बदलावी लागणार नाही.