वाचकांचे प्रश्न : बनवलेलं पार्श्वसंगीत काढून टाकतात तेव्हा

खान्देशातून आलेल्या या वेळच्या पत्रांत एकच दुखणं फिरून फिरून आलं आहे. संगीत तयार होतं, पैसे खर्च होतात आणि शेवटच्या आठवड्यात दिग्दर्शक ते बाजूला ठेवतो. म्हणून चार पत्रं एकत्र घेतली आहेत.

४२ मिनिटांच्या अहिराणी चित्रपटाला १९ मिनिटांचं पार्श्वसंगीत केलं. संबळ, पावरी (आदिवासी फुंकवाद्य) आणि बासरीवाल्यांचे पैसे मीच दिले. प्रदर्शनाच्या तोंडावर सगळं काढून लायब्ररीतलं, म्हणजे आयतं विकत मिळणारं संगीत लावलं. करार नाही, रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर ठरली होती. पैसे मागता येतील का? आणि हे संगीत दुसरीकडे वापरता येईल का? (संगीतकार, शिरपूर)

पैसे नक्की मागा. काम सांगितलं, तुम्ही केलं, पोचतं केलं. ते पडद्यावर वापरलं नाही म्हणून मेहनताना बुडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं रक्कम ठरल्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतं. ते आजच एक्सपोर्ट करून ठेवा, फाईल पाठवल्याच्या तारखांसकट. वादकांना दिलेल्या पैशांच्या पावत्या नसतील तर त्यांच्याकडून आत्ता साध्या कागदावर लिहून घ्या.

संगीत काढण्याचा अधिकार मात्र त्यांचा आहे, त्यावर भांडू नका. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ तुमचं नाव आणि तुमच्या कामाची मोडतोड या दोन गोष्टींचं रक्षण करतं. न वापरणं म्हणजे मोडतोड नव्हे. उलट तुमच्या १९ मिनिटांतली दोन मिनिटं जरी चित्रपटात राहिली असतील, तर श्रेयनामावलीत तुमचं नाव हवंच. म्हणून अंतिम प्रत कान देऊन पूर्ण ऐका.

दुसरीकडे वापरण्याबद्दल. याच कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. तुम्ही कुठेच सही केलेली नाही, म्हणजे चाल तुमचीच आहे असं म्हणायला भक्कम आधार आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून ते करवून घेतलं तो त्याचा निर्माता. वादकांचे पैसे तुम्ही दिलेत, ही बाजू तुमच्याकडे झुकते. तरी निर्मात्याकडून दोन ओळींचं पत्र घ्या : ‘हे संगीत चित्रपटात वापरलेलं नाही, त्यावर आमचा दावा नाही.’ थकलेली रक्कम थोडी सोडावी लागली तरी हे पत्र सोडू नका. पुढच्या कामात चित्रपटाचे संवाद, नाव किंवा पोस्टर जोडू नका.

ज्यांनी सही केली आहे त्यांच्यासाठी त्याच कलम १९ मध्ये एक महत्त्वाची तरतूद आहे. हक्क घेणाऱ्याने ते एका वर्षात वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर ते हक्क देणं आपोआप रद्द होतं. म्हणूनच छापील करारात ‘हे कलम लागू नाही’ असं वाक्य बारीक अक्षरात घातलेलं असतं. सहीआधी ते शोधा आणि ‘संगीत वापरलं नाही तर १२ महिन्यांनी हक्क संगीतकाराकडे परत’ असं करून घ्या.

पुढच्या वेळी पैसे तीन हप्त्यांत घ्या : सहीला एक तृतीयांश, कच्चा आराखडा मंजूर झाल्यावर एक तृतीयांश, बाकीचे फाईल देताना. वादक आणि स्टुडिओचा खर्च वेगळा धरा, तो ध्वनिमुद्रणाच्या आधी हातात हवा. संगीत वापरलं नाही तरी पहिले दोन हप्ते परत नाहीत, हे लिहून घ्या.

मी दिग्दर्शक आहे. एडिटला मी एका परदेशी चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावलं होतं. आता संगीतकाराचं काहीच बसत नाही असं वाटतं. त्याला दोष द्यावा की माझ्या कानाला? (चोपडा)

कानाला. एडिट करताना एक दृश्य शंभरदा पाहिलं जातं. शंभरदा तेच टेम्प, म्हणजे तात्पुरतं संगीत ऐकलं की ते त्या दृश्याचाच भाग वाटू लागतं, आणि मग नवं काहीही आलं तरी परकं वाटतं. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ला तात्पुरतं लावलेलं योहान श्ट्राउस, रिचर्ड श्ट्राउस आणि लिगेती यांचं संगीत तसंच ठेवलं. संगीतकार अलेक्स नॉर्थने त्या चित्रपटासाठी संगीत लिहून ध्वनिमुद्रितही केलं होतं. ते वापरलेलं नाही हे त्याला चित्रपट पाहतानाच कळलं. निवड कुब्रिकची आणि ती जगाने मान्य केली. पण माणसाला आधी सांगायला हवं होतं, इथे आमचं मत ठाम आहे. नॉर्थचं ते काम संगीतकार जेरी गोल्डस्मिथने १९९३ मध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, म्हणून ते लोकांना ऐकता तरी आलं.

तुम्ही आता असं करा. टेम्प काढून टाका आणि चित्रपट एकदा संगीताशिवाय, फक्त संवाद आणि आवाजांवर पाहा. ज्या जागा तशाच उभ्या राहतात तिथे संगीत मागूच नका. नंतर संगीतकाराला शेजारी बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत स्पॉटिंग करा, म्हणजे संगीत कुठे हवं त्या जागा ठरवा. प्रत्येक तुकडा कोणत्या टाइमकोडला (तास-मिनिट-सेकंद-फ्रेम अशा नेमक्या वेळेला) सुरू, कुठे बंद आणि तिथे तो कशासाठी, एवढं क्यू शीटवर, म्हणजे तुकड्यांच्या यादीत लिहा.

शेरे देताना ‘भाऊ, फील येत नाहीये’, ‘जरा मोठं कर’ यातून कुणालाच काही कळत नाही. समजा, खान्देशातल्या कानबाईच्या सणाला रोटांच्या दळणाचं दृश्य आहे, १ मिनिट ४२ सेकंदांचं. मुलगा मुंबईहून आलेला नाही, आई जात्यापाशी बसून आहे. टेम्पमध्ये मोठा व्हायोलिनांचा ताफा रडतो आहे. संगीतकाराने पावरी दिली, तुम्हाला ती ‘कमी’ वाटते. मग विचारा, कमी काय आहे? बहुधा टेम्पमध्ये खर्जाचा एक लांब सूर खालून धरलेला असतो आणि तोच तुमच्या कानाला हवा असतो. मग शेरा असा द्या : ‘ती दाराकडे पाहते तिथपासून खाली एक जाड सूर हवा, पावरी तिने मान खाली घातल्यावरच येऊ दे. तिचा राग नको, थकवा हवा.’ एवढ्यावर तोच तुकडा उभा राहू शकतो.

पावरीचा आवाज उंच आणि भेदक, संबळाचा ठोका टोकदार. संवादातली व्यंजनं साधारण २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये स्पष्ट होतात आणि ही वाद्यं तिथेच घुसतात. त्यामुळे मिक्सला, म्हणजे सगळे आवाज एकत्र करताना, संवाद बुडाला की दिग्दर्शक घाबरून अख्खा तुकडा काढतो. यासाठी संगीत नेहमी स्टेम्समध्ये, म्हणजे वाद्यगटांच्या सुट्या फाईलींत मागा : ताल, फुंकवाद्यं, खालचे लांब सूर आणि गळा, चारही वेगळे. पुष्कळदा फक्त फुंकवाद्यांचा स्टेम बंद केला की तुकडा वाचतो.

आणि वादक बोलावण्याआधी कीबोर्डवरचा कच्चा आराखडा चित्रासोबत मंजूर करा. मोठ्या दृश्यांचे तीन तुकडे आधी ऐका, सगळे नकोत. तेच नाकारायचे असतील तर त्याच आठवड्यात सांगा. दोनदा बदल ठरलेल्या रकमेत, तिसऱ्यापासून जादा पैसे, असं आधी ठरवलं की दोघंही जपून बोलतात.

तेच परदेशी संगीत ठेवायचा मोह मात्र सोडा. चाल आणि ध्वनिमुद्रण अशा दोन वेगळ्या परवानग्या लागतात. यूट्यूबवर चढवताक्षणी दावा आला तर कमाई हक्कदाराकडे जाऊ शकते किंवा व्हिडिओ बंद होऊ शकतो.

पिक्चर लॉक झाल्यावर, म्हणजे एडिट पक्का ठरल्यावर तो बदलला, आता माझे सगळे तुकडे पुढेमागे झालेत. अख्खं संगीत ताणून बसवू का? (अमळनेर)

नको. आधी चूक कोणती ते ओळखा. सगळे तुकडे एका जागेपासून पुढे सारखेच सरकले असतील तर तिथे कात्री लागली आहे. सुरुवातीला बरोबर आणि पुढे हळूहळू फरक वाढत असेल तर फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) चुकला आहे. २४ फ्रेमचं चित्र २५ ने चालवलं की तासाभरात २ मिनिटं २४ सेकंदांचा फरक पडतो. मोबाइलवर चित्रीकरण असेल तर फ्रेम रेट कमीजास्त होत राहतो. एडिटआधीच ते स्थिर फ्रेम रेटला बदलून घ्यायला एडिटरला सांगा. ४४.१ किलोहर्ट्झला ध्वनिमुद्रित फाईल ४८ किलोहर्ट्झ समजून वाजली तर सूर जवळपास दीड सेमिटोनने (अर्ध्या स्वराच्या दीडपट) चढतो, तो कानालाच कळेल.

कात्रीचं दुखणं असेल तर तालाच्या हिशोबाने कापा. ८० बीपीएमला (मिनिटाला ८० मात्रा) चार मात्रांचं आवर्तन बरोबर ३ सेकंदांचं. दृश्य ३ सेकंदांनी कमी झालं तर एक आवर्तन काढा. २ सेकंदांनी झालं तर तरीही एकच आवर्तन काढा आणि शेवटचा सूर १ सेकंद लांबवा. ताणायचंच तर लांब सुरांचा स्टेम दोन-तीन टक्के ताणला तर चालतो. संबळ ताणला की ठोका पसरतो, तो नव्याने वाजवून घ्या. प्रत्येक फाईलला आरंभाच्या बरोबर २ सेकंद आधी एका फ्रेमचा बीप ठेवा. टाइमलाइन ०१:०० तासापासून असेल तर तो ००:५९:५८:०० ला येतो. फाईलच्या नावात एडिटची आवृत्ती घाला. लॉकनंतरच्या प्रत्येक बदलाची यादी टाइमकोडसह मागणं हा तुमचा हक्क समजा.

मोठ्या संगीतकारांचंही असं होतं का? (नंदुरबार)

होतं. १९६० मध्ये दिग्दर्शक हिचकॉकला ‘सायको’तलं न्हाणीघराचं दृश्य संगीताशिवाय हवं होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही तंतुवाद्यांचा तुकडा लिहिला आणि ऐकल्यावर हिचकॉकने तो ठेवला. १९६६ मध्ये हिचकॉकच्याच ‘टॉर्न कर्टन’ला हरमनने १२ बासऱ्या आणि १६ हॉर्न घेऊन संगीत लिहिलं. या वेळी ध्वनिमुद्रण मध्येच थांबलं, काम जॉन अ‍ॅडिसनकडे गेलं आणि हिचकॉक-हरमन जोडी तिथेच संपली. ‘ट्रॉय’साठी गॅब्रिएल यारेद सुमारे वर्षभर राबला. २००४ मध्ये प्रदर्शनाआधीच्या चाचणी खेळानंतर ते सारं काढून जेम्स हॉर्नरकडून काही आठवड्यांत नवं करून घेतलं. ‘चायनाटाउन’ला फिलिप लॅम्ब्रोचं संगीत काढलं गेलं आणि जेरी गोल्डस्मिथने दहाएक दिवसांत नवं दिलं, तेच आज लोकांना आठवतं. त्याच गोल्डस्मिथचे काही तुकडे १९७९ च्या ‘एलियन’मधून काढले गेले. सत्यजित राय यांनी तर रविशंकर, विलायत खाँ आणि अली अकबर खाँ यांच्याबरोबर चित्रपट केल्यावर १९६१ च्या ‘तीन कन्या’पासून संगीत स्वतःच करायला घेतलं.

नंदुरबारच्या याच पत्रात विचारलं आहे की एका चित्रपटासाठी वाजवलेली पावरी दुसऱ्यात वापरली तर वादकाला पुन्हा विचारावं लागतं का. हो, विचारा आणि पैसेही द्या. त्याने संमती दिली होती ती पहिल्या चित्रपटापुरती. पारंपरिक चाल सगळ्यांची असली तरी ते वाजवणं त्याचं आहे. कागदावर त्याचं नाव, गाव, तारीख आणि कोणत्या चित्रपटासाठी, एवढं लिहा. सही येत नसेल तर अंगठा घ्या, पण आधी मजकूर त्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवा.