लॅपटॉप घेताना प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक मागा

‘नवीन मॉडेल’ आणि ‘रायझन ५’ (एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचं नाव) एवढ्यावर पैसे देऊ नका. दुकानदाराकडून प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक घ्या. रायझन ७००० मालिकेत पहिला अंक फक्त मॉडेलचं वर्ष सांगतो, खरी गोष्ट, म्हणजे आतली रचना, तिसऱ्या अंकात असते. ७५२०यू म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या रचनेचं नाव, पुढचा आकडा पिढीचा). ही रचना २०१९ची, कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) चारच. ७५३०यू झेन ३, कोअर सहा. ७५४०यू झेन ४. तिन्हींवर स्टिकर मात्र सारखाच! शिवाय ७५२०यूची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, त्यामुळे ८ जीबी घेतलीत तर पुढे वाढवता येणार नाही.

इंटेलचंही तेच. २०२४मध्ये आलेल्या ‘कोअर ५ १२०यू’मध्ये रॅप्टर लेक ही आधीचीच रचना आहे, त्यानंतरची मीटिअर लेक हवी तर ‘कोअर अल्ट्रा ५ १२५यू’ बघा.

जुनी चिप टाकाऊ नसते. ऑफिसच्या कामाला ७५३०यू आजही पुरते, पण मग भावही जुन्याचाच हवा. रचना दोन पिढ्या मागे पडली की कंपन्यांनी ‘नवीन’ लिहिणं थांबवलंच पाहिजे. तोवर खोक्यावरचा उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा आणि मशीन सुरू करून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा क्रमांक जुळवून मगच बिल करा.