'रेयांश' की 'धोंडो': अर्थ कुठे शोधायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाळाचा जन्म स्वाती नक्षत्राच्या दुसऱ्या चरणावर झाला, म्हणून 'रे' अक्षर आलं. आईबाबांना 'रेयांश' हे नाव आवडलंय. नावांच्या याद्यांमध्ये त्याचा अर्थ कुठे 'सूर्याचा पहिला किरण' तर कुठे 'विष्णूचा अंश' असा दिलाय. आजीचं म्हणणं, घराण्याच्या रीतीप्रमाणे पणजोबांचं नाव चालवा, आणि पणजोबा होते 'धोंडो'. तर 'रेयांश' हा शब्द संस्कृतात आहे का? आणि 'धोंडो'ला काही बरा अर्थ आहे का?

आधी 'रेयांश'. शेवटी 'अंश' आहे हे उघड आहे, म्हणजे आधीचं पद 'रेय' किंवा 'रेया' असायला हवं, आणि घोडं तिथेच अडतं. सूर्य, किरण किंवा विष्णू असा अर्थ देणारा 'रेय' शब्द संस्कृतात नाही. सूर्यावरूनच नाव घडवायचं तर 'सूर्य + अंश' मिळून 'सूर्यांश' होईल. 'रवि'ला 'अंश' जोडला तर इकाराचा य होऊन 'रव्यंश' होतं. वेदांत धनसंपत्तीसाठी 'रयि' असा शब्द आहे, त्याचंही 'रय्यंश' होईल. विष्णूचा अंश म्हणाल तर 'विष्ण्वंश', आणि या नावाने पाळण्यातल्या बाळाला हाक मारून दाखवणाऱ्याला माझा नमस्कार. कुठूनही गेलं तरी 'रेयांश'पर्यंत पोचता येत नाही.

मग 'किरण' आला कुठून? मला वाटतं, 'अंश' आणि 'अंशु' यांच्या गोंधळातून. 'अंश' म्हणजे भाग, वाटा. 'अंशु' म्हणजे किरण. हिमांशु, शीतांशु, सुधांशु ही सगळी चंद्राची नावं आहेत आणि त्या प्रत्येकात किरण आहे: थंड किरणांचा, अमृतकिरणांचा. 'अंशुमान' म्हणजे किरणवान, सूर्य. भगीरथाच्या आजोबांचंही हेच नाव. शेवटचा उकार गळला की किरणाचा वाटा होतो. यादी करणाऱ्यांना मात्र किरण सोडवत नाही, म्हणून 'अंश'वाल्या नावांनाही तो सर्रास चिकटवलेला दिसतो. 'रे' या आरंभाला इंग्रजीतल्या किरणवाचक 'रे'ची फोडणी मिळाली असेल, तर तेही नवल नाही.

घडणीबद्दल माझा आणखी एक तर्क आहे. हे नाव 'श्रेयांश'चा पहिला 'श' गाळून तयार झालं असावं. 'श्रेयांश' तरी कुठला? मूळ रूप 'श्रेयांस', शेवटी 'स'. जैनांचे अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ. 'श्रेयस्' म्हणजे अधिक चांगलं, अधिक कल्याणाचं. त्याची पुल्लिंगी रूपं 'श्रेयान्, श्रेयांसौ, श्रेयांसः' अशी चालतात आणि 'श्रेयांस' त्यातलाच. त्यात 'अंश' नव्हताच. 'स'चा 'श' झाला, लोकांना 'अंश' दिसू लागला आणि मग देवांश, दिव्यांश, रेयांश अशी रांग लागली. यातलं 'देवांश' व्याकरणाने चोख आहे. 'श्रेय' हे मराठी नाम धरलं तर 'श्रेयांश'ही खपून जाईल. 'रेयांश'ला मात्र आधार नाही.

असलं नाव ठेवूच नये असं मी म्हणणार नाही. कानाला गोड वाटलं म्हणून ठेवलेलं नाव हे नावच असतं. आक्षेप एवढाच, की 'संस्कृत नाव, अर्थ सूर्यकिरण' असं पत्रिकेवर छापू नये. पुढे मुलगा शाळेत संस्कृत घेईल आणि तोच विचारील.

याद्यांवर किती विसंबायचं, याचा नमुना म्हणून 'आरव' बघा. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ 'शांत' असा देतात. 'रव' म्हणजे आवाज. 'अरव' म्हणजे आवाज नसलेला, निःशब्द, इथवर ठीक. पण नाव ऱ्हस्व 'अ'चं नाही, दीर्घ 'आ'चं आहे आणि 'आरव' म्हणजे ध्वनी, ओरडा, गलका. एका मात्रेने अर्थ थेट उलटा झाला. (तान्ह्या बाळाच्या बाबतीत खरा अर्थच जास्त लागू पडतो, हा भाग वेगळा.) 'अनया'चंही तसंच. 'नय' म्हणजे नीती, 'अनय' म्हणजे अनीती. आणि 'अनया' हे रूप संस्कृतात रोज भेटतं ते सर्वनाम म्हणून: 'हिने', 'हिच्याकडून'. कुणाच्या मुलांना नावं ठेवायचा हेतू नाही. नाव रुळलं की ते त्या माणसाचं होतं, मग कोशाकडे कोण बघतो? पण निवडताना बघायला हरकत नाही.

आता 'धोंडो'. अर्थ सरळ आहे: धोंडा, दगड. 'धोंडू'चं ते कागदोपत्री, भारदस्त रूप. जुन्या मराठीत हा ओकारान्त साचा भरपूर सापडतो: नारायणाचा नारो, मोरेश्वराचा मोरो, पुढे 'पंत' लागून नारोपंत, मोरोपंत. त्याच साच्यातला हा धोंडो, धोंडोपंत.

पण मुलाला दगड का म्हणायचं? मुलं जगत नसत म्हणून. दोन-तीन मुलं हाती लागली नाहीत की पुढच्याचं नाव मुद्दाम टाकाऊ ठेवायचं: दगडू, धोंडू, भिकू. हे मूल कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये, मृत्यूलाही घेण्याजोगं वाटू नये. 'भिकाजी'त ते देवाकडे भीक मागून मिळवल्याचा अर्थ आहे. शब्द रुक्ष असला तरी त्यामागे जिवाचा आकांत आहे. 'नकोशी' हे नाव याच रांगेत बसवलं जातं, ते मला पटत नाही. धोंडू हे मूल राहावं म्हणून ठेवलेलं नाव. नकोशी म्हणजे आता मुली पुरे. २०११ साली सातारा जिल्ह्यात अडीचशेहून जास्त 'नकोशीं'ची नावं सरकारी पुढाकाराने बदलली गेली, ती योग्यच बदलली. 'धोंडो' बदलायची गरज कुणाला भासली नव्हती. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) हे नाव घेऊनच महर्षी झाले आणि १९५८ मध्ये 'भारतरत्न'ही.

तुमच्या पणजोबांच्या बाबतीत आणखी एक शक्यता तपासण्यासारखी आहे. 'धोंडा' म्हणजे अधिक महिनाही. साधारण पावणेतीन वर्षांनी येणारा हा 'धोंड्याचा महिना'. पणजोबांची जन्मतिथी त्यात पडत असेल, तर नाव महिन्यावरूनही आलेलं असू शकतं आणि मग दगडाची गोष्ट बाजूलाच राहते. जुनी पत्रिका असली तर मिळेल.

राहिला घराण्याच्या रीतीचा प्रश्न. आजोबा-पणजोबांचं नाव फिरवायची पद्धत जुनी आहे. संभाजी महाराजांच्या मुलाचं, म्हणजे शाहू छत्रपतींचं, मूळ नाव शिवाजी, आजोबांचंच. पेशवे बाळाजी विश्वनाथ गेले आणि मग जन्मलेल्या नातवाचं नाव बाळाजी. पण गंमत बघा: पहिल्याला आपण 'शाहू' म्हणतो, दुसऱ्याला 'नानासाहेब'. या रीतीत एक अडचण घरचीच होती. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि पोराचं नाव तेच. आईने हाक मारायची कशी? त्यामुळे बाळ, नाना, अण्णा, बापू ही नावं घरोघर लागली आणि अनेकदा तीच जन्मभर टिकली. लोकमान्यांचं पाळण्यातलं नाव केशव होतं, हे आज कितीजणांना आठवतं? म्हणजे दोन नावं ठेवणं ही आधुनिक तडजोड नव्हे, रीतीचाच भाग आहे. बारशाला आत्याने 'धोंडो' कानात सांगावं आणि दाखल्यावर दुसरं लिहावं, आजींना यात वावगं वाटू नये.

'रे' अक्षराचंही तसंच. पत्रिकेतलं ते नावरस नाव. रोजच्या हाकेचं नाव त्यावरूनच हवं असा दंडक नाही. १०८ चरणांच्या त्या तक्त्यात आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला 'ङ' येतो. तिथे लोक काय करतात? दुसरं अक्षर घेतात आणि मुलं सुखाने वाढतात.

तरीही 'रे'च धरायचं असेल आणि सूर्यही हवा असेल, तर 'रेवंत' घ्या. पुराणांत रेवंत हा सूर्य आणि संज्ञा यांचा मुलगा, घोड्यावर बसलेला. शब्दाची नाळ 'रेवत्'शी आहे, म्हणजे संपन्न. 'रेवती' त्याच घरातली. 'अंश' सुटत नसेल तर 'रेवांश' आहे: रेवा म्हणजे नर्मदा, रेवा + अंश, संधी चोख.

एक उच्चाराची बाब मात्र लक्षात घ्या. 'श'च्या आधीचा अनुस्वार मराठीत 'न'सारखा होत नाही. आपण 'अंश' हा 'अंव्श' असा म्हणतो, जसा सिंहाचा 'सिंव्ह'. आजी 'रेवांव्श' म्हणतील, आणि इंग्रजी हजेरीपटावरून वाचणाऱ्या बाई 'रेवान्श'. 'रेवंत'मध्ये अनुस्वारापुढे 'त' आहे, तिथे दोघींच्याही तोंडी 'न'च येईल.